रिकामा कप्पा

ता. ३, मंगळवार

आजपासून वही लिहायला घेतली. कारण सरळ आहे. माझी चौकशी चालू आहे आणि उद्या कुणी काही विचारलं तर आपल्याकडे लेखी असावं. तोंडी बोलण्याला कुत्रं विचारत नाही.

काय घडलं ते आधी. गेल्या मंगळवारी एका वयस्क गृहस्थांचं ऑपरेशन चालू असताना सर्जननी लांब वाकडा चिमटा मागितला आणि ट्रेमधून निघाला आखूड. दुसरा ट्रे उघडून लांब चिमटा हातात येईपर्यंत नको तेवढं रक्त गेलं. गृहस्थ चार दिवस अतिदक्षता विभागात होते. वाचले, पण थोडक्यात. ट्रे आमच्या विभागातून गेलेला. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, मोजून ट्रेमध्ये लावायची, तपासून सही करायची, मग बांधून वाफेवर टाकायची, हे आमचं काम. हा ट्रे लावला होता धाकटीने आणि सही होती माझी.

धाकटी म्हणजे आमच्या विभागातली सगळ्यांत नवी मुलगी. दोन वर्षं झाली, कंत्राटावर आहे. पाय वाजत नाहीत आणि तोंडातून शब्द फुटत नाही. मला 'ताई, ताई' करते, पण कामात लक्ष असतं की नाही देव जाणे.

चौकशी होईपर्यंत दोघींनाही घरी बसवलंय. मला! एकोणीस वर्षांत माझ्या सहीखाली एक सुई इकडची तिकडे झाली नाही. विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "नियम आहे हो, माझाही नाइलाज आहे." बसमध्ये दोनदा चुकीच्या थांब्यावर उठून उभी राहिले.

हे म्हणाले, "बरं झालं की. एकवीसला निघायचंय, तयारीला वेळ मिळाला." एकाची जळते दाढी आणि दुसरा त्यावर पेटवतो विडी, ते असं.

ता. ४, बुधवार

निघायचंय म्हणजे मोटरसायकलवरून. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून एकोणीस दिवस, तीन हजार चारशे किलोमीटर, पुढे हे आणि मागे मी. लोक सोन्याचं काहीतरी करतात. ह्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे आणि ती मोटरसायकल म्हणजे ह्यांची पहिली बायको. आधी ती आली, मग मी. पण खरं सांगायचं तर मलाही जायचंय. समुद्रकाठच्या रस्त्याने चार दिवस आहेत, त्यांची मी वर्षभर वाट बघतेय.

आज ह्यांनी हत्यारं दाखवली आणि मला भोवळ यायची बाकी राहिली. पाने, पकडी, पेचकस, टायर काढायच्या पट्ट्या, सगळं एका जुन्या विजारीच्या पायात कोंबलेलं, वरून सुतळीची गाठ.

"हे काय आहे?"

"हत्यारं आहेत."

"रस्त्यात भर उन्हात ह्या विजारीत हात घालून बसणार?"

"पंचवीस वर्षं तसंच बसतोय, अगं."

मी विजार हिसकावून घेतली. निदान ह्या घरात तरी कुणाला कळू दे की हत्यारं कशी बांधतात.

ता. ६, शुक्रवार

दोन दिवस राबून जाड कापडाची गुंडाळी शिवली. आमच्याकडे असते तशीच, एकाशेजारी एक कप्पे, वरून झाकायला पदर, बांधायला नाडी. अठरा कप्पे. प्रत्येकावर पक्क्या शाईने क्रमांक. हे म्हणाले, "क्रमांक कशाला? पान्याचं माप लिही ना." म्हटलं, मापं तुमच्या डोक्यात आहेत, मला मोजायचंय. रिकामा कप्पा लांबूनच ओरडतो. एकोणीस वर्षं त्याच्यावरच तर चाललंय.

काय न्यायचं आणि काय नाही, त्यावरून मात्र सकाळ गेली. ह्यांचा नियम असा, की जे हत्यार आपल्या गाडीला कुठेतरी बसतं ते न्यायचं, बाकी ओझं. मग हे गाडीपाशी उकिडवे बसले आणि एकेक पाना एकेका नटाला लावून दाखवत गेले. चोवीसचा पाना मागच्या चाकाला, तो सगळ्यांत महत्त्वाचा, कारण पंक्चर झालं तर त्याच्याशिवाय चाक निघत नाही. बावीसचा कुठेच बसत नाही, तो बाजूला टेबलावर. दोन ट्यूब, हातपंप, पंक्चरचं सामान, क्लचची जादा केबल, प्लग, बल्ब, फ्यूज, चिकटपट्टी, तार. एका बाजूच्या पिशवीत हे सगळं. दुसरीत रेनकोट, औषधं आणि कपडे, कपडे म्हणजे माणशी तीन जोड. तीन! मी चौथ्यासाठी भांडले आणि हरले.

पण गुंडाळी उघडून अठरा हत्यारं ओळीने चकाकताना पाहिली तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. म्हणाले, "आता हिच्यासाठी गाडीला काहीतरी बिघाड व्हायला हवा." आठवड्यात मी पहिल्यांदा हसले.

ता. ८, रविवार

मोठ्या बाईंनी फोन करून उद्या जबाब द्यायला बोलावलंय. काय जबाब देणार? मी हत्यारं मोजली, चाळीस होती, सही केली. आखूड चिमटा लांबाच्या जागी ठेवला तो ट्रे लावणारीने. त्यात एवढं विचारायचं काय? दिवसभर डोकं भणभणतंय.

त्यात मी औषधांच्या दुकानात गेले असताना भावजी येऊन गेले. ह्यांचा हा धाकटा भाऊ म्हणजे वादळ. बशीतली सगळी बिस्किटं संपवली, चिखलाचे बूट घेऊन स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि गुंडाळीही उघडी टाकून गेले. फरशी पुसली, मग गुंडाळी आवरली. एक कप्पा रिकामा होता, आत कसलासा कागदाचा कपटा. तो केरात टाकला. पाना टेबलावरच पडला होता, घातला. हत्यारं मोजली, अठरा. नाडी बांधली आणि यादीखाली सवयीने सहीसुद्धा केली. ही सवय काही ह्या जन्मी जायची नाही.

धाकटीने तिच्या जबाबात काय सांगितलं असेल? माझ्यावर ढकललं असेल तर मी सोडणार नाही तिला.

ता. ९, सोमवार

दिला जबाब. तीन जण समोर बसून कागदावर खरडत होते. एकाने विचारलं, "तुम्ही प्रत्येक हत्यार हातात घेऊन बघता का?" म्हटलं, दिवसाला साठ ट्रे जातात, साहेब. मला नजर आहे.

ता. १२, गुरुवार

सुटले!

मोठ्या बाईंचा फोन आला. धाकटीने लेखी कबुली दिली आहे की चुकीचा चिमटा तिच्या हातून ठेवला गेला. माझ्यावर ठपका नाही, नुसती समज. ठरलेली रजा घेऊन फिरून यायचं आणि मग कामावर हजर व्हायचं. धाकटीचं कंत्राट संपवलं.

मला वाटलं होतं ती कांगावा करेल, उलट माझ्यावर आणेल. तर हिने सरळ लिहून दिलं. धक्काच बसला. चला, इतका तरी प्रामाणिकपणा आहे. वाईट वाटतं, घरी आजारी आई आहे म्हणे तिची. पण पेशंटच्या जिवाशी खेळ झाला, त्याला कोण काय करणार? आपण बरं आणि आपलं काम बरं.

ह्यांनी संध्याकाळी गाडी धुऊन पुसून आणली. मी चौथा जोड हळूच पिशवीत सरकवला.

ता. १५, रविवार

आज रंगीत तालीम होती. सगळं सामान लादून साठ किलोमीटर जाऊन परत यायचं. चाळिसाव्या किलोमीटरला मागचं चाक बसलं. रस्ता निर्मनुष्य, ऊन डोक्यावर. मला तर आनंदच झाला. म्हटलं, आता बघा आमची तयारी.

रस्त्याच्या कडेला गुंडाळी पसरली. हे चाकापाशी बसले, न बघता मागे हात केला. "चोवीस." मी अगदी सिस्टरसारखा त्यांच्या हातात पाना ठेवला. त्यांनी नटाला लावला. बसेना. परत लावला. मग पाना डोळ्यांसमोर धरला आणि माझ्याकडे बघितलं. बावीसचा होता.

माझा विश्वासच बसेना. मी गुंडाळीतलं एकेक हत्यार काढून बघितलं. सतरा बरोबर होती आणि अठराव्या जागी हा, टाकून दिलेला. ह्यांनी पाना पुसून माझ्या हातात परत दिला, ते जास्तच लागलं. तीन तास उन्हात बसलो. जवळचं पाणी संपलं. शेवटी एक दूधगाडीवाला थांबला, त्याच्याकडे मिळाला पाना. चाक काढून ट्यूब बदलताना तो म्हणाला, "काका, एवढं झकपक सामान आणि हाच नाही?"

हा उद्योग भावजींचा. दुसरं कोण हात लावतंय? चांगला पाना नेला आणि आम्हाला कळू नये म्हणून टाकाऊ घालून ठेवला. परत आल्या आल्या फोन करून असं काही झापलंय! ते 'अहो वहिनी, ऐका तर' म्हणत होते. मी ऐकलं नाही. हीच वाट समुद्रापाशी लागली असती तर?

ता. १६, सोमवार

लिहू की नको? लिहिते. लेखी असावं म्हणूनच वही घेतली होती.

सकाळी भावजी चोवीसचा पाना घेऊन दारात. रागावलेले नव्हते, त्याचं जास्त वाईट वाटतंय. म्हणाले, "वहिनी, चोरी केली असती तर चिठ्ठी कशाला ठेवली असती? कप्प्यातच ठेवली होती, की चोवीसचा नेतोय, शुक्रवारी देतो. शुक्रवारी राहिलं, ते माझं चुकलं. पण दुसरा पाना मी घातला नाही. कप्पा रिकामाच ठेवला होता, मुद्दाम, की तुम्हाला दिसावं."

मी म्हटलं, कसली चिठ्ठी? आणि म्हणता म्हणता माझी जीभ जागच्या जागी थांबली.

वही उघडली. आठ तारीख. माझंच अक्षर. 'एक कप्पा रिकामा होता, आत कसलासा कागदाचा कपटा. तो केरात टाकला. पाना टेबलावरच पडला होता, घातला.'

मी केलं हे. माझ्या हातांनी. आणि मला आठवत नाही! आजही आठवत नाही. वहीत नसतं तर मी जन्मभर शपथेवर सांगितलं असतं की भावजींनी केलं. दूधगाडीवाल्यासमोर, ह्यांच्यासमोर, देवासमोर सांगितलं असतं आणि मला ते खरंच वाटलं असतं.

भावजी म्हणाले, "जाऊ द्या हो, पान्याचं काय एवढं." मी त्यांच्या पाया पडायला गेले तर ते दोन पावलं मागेच सरले. मला खूप रडू आलं. त्यांना वाटलं पान्यासाठी रडतेय.

ता. १७, मंगळवार

अन्न गेलं नाही. आमच्या ट्रेमध्येही असंच असतं. चाळीस जागा, चाळीस हत्यारं. रिकामी जागा दिसली की बाजूच्या जादा हत्यारांच्या ताटातून उचलायचं आणि भरायचं. मी दिवसातून दहादा करते. किती वर्षं करतेय कोण जाणे.

त्या मंगळवारी जागा रिकामी होती का? डोळे मिटून बघते. काही दिसत नाही.

ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, 'वेडी आहेस, निघायला चार दिवस राहिलेत' असं म्हणतील. म्हणावं असं मला वाटतही होतं. हे बराच वेळ पिशवीचा पट्टा सारखा करत बसले. मग म्हणाले, "विचारून ये."

"आणि नोकरी गेली तर? जाणं रद्द झालं तर?"

"गाडी कुठे पळून जात नाही."

ता. १८, बुधवार

धाकटीकडे जायचं धैर्य झालं नाही, आधी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, मला शंका आहे की तो चिमटा मीच ठेवला असेन. त्यांनी उठून दार लावलं.

"असेन म्हणजे? तुम्हाला आठवतंय का?"

"नाही."

"मग कशाच्या जोरावर सांगताय? तिची लेखी कबुली आहे. फाईल बंद झाली. तुम्ही दमलायत. मस्त फिरून या, रंग बदलेल चेहऱ्याचा."

एक माणूस सांगायला येतो की चूक माझी आहे, आणि त्याला म्हणायचं फिरून या!

पण खोटं कशाला लिहू? जिना उतरताना मला हलकं वाटलं होतं. बस येईपर्यंत मी हिशोबसुद्धा मांडला होता, की आपण सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, आपलं कर्तव्य संपलं. बस आली, मी चढले आणि खिडकीत बसले. आणि मग एकदम मनात आलं की धाकटीला माहीत असेल. जागा रिकामी होती की नाही, हे जगात तिला एकटीला माहीत असेल.

ता. १९, गुरुवार

धाकटीच्या घरी जाऊन आले.

दोन खोल्या, तिसरा मजला. तिने दार उघडलं आणि चक्क आनंदली. "ताई, तुम्ही!" आईला हाक मारून सांगितलं, "आमच्या ताई आल्यात, त्या मी सांगते ना, त्या." आतल्या कॉटवरून आईने हात जोडले. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

चहा टाकायला गेली. गॅस पेटवला, पातेलं ठेवलं. बाहेर येऊन बसली, लगेच उठून आत गेली, परत आली, परत गेली. तिसऱ्यांदा मी विचारलं, काय गं?

"गॅस नीट पेटलाय ना बघत होते." ओशाळून हसली. "हल्ली माझ्या हातांचा मला भरवसाच वाटत नाही, ताई. आईच्या गोळ्या चारदा मोजते आणि तरी तिलाच मोजायला लावते. एका दवाखान्यात कामाला बोलावलं होतं. नाही म्हटलं. परत कुणाच्या जिवावर बेतलं तर?"

मी विचारलं, "त्या ट्रेमध्ये लांब चिमट्याची जागा तू रिकामी ठेवली होतीस का?"

ती दचकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"सांग ना."

"मला तसं वाटत होतं खरं. ट्रेमधला लांब चिमटा दुरुस्तीला गेला होता, म्हणून जागा रिकामी ठेवून मी स्टोअरमधून दुसरा आणायला गेले. असं मला वाटत होतं. परत आले तर ट्रे बांधून झाला होता आणि वर तुमची सही. मी म्हटलं, म्हणजे चिमटा मी ठेवलाच असणार. ठेवून मीच विसरले असणार. आणलेला परत ठेवून आले."

"मला विचारलं का नाहीस?"

"तुमची सही होती ना, ताई." जणू ह्यात विचारण्यासारखं काय होतं. "चौकशीत त्यांनी विचारलं, जागा रिकामी ठेवल्याचं नक्की आठवतं का? मी म्हटलं, आठवतं, पण ताईंनी मोजलंय. ताई एकोणीस वर्षांत चुकल्या नाहीत. म्हणजे मला आठवतंय तेच चुकीचं असणार. मग ते म्हणाले, तसं लिहून द्या."

आत चहा उतू गेला आणि ती धावली. गॅस बंद करून तिथेच उभी राहून स्वतःला म्हणाली, "बघ, परत."

मग मी बोलले. जागा तू रिकामी ठेवलीस, भरली मी, चुकीच्या चिमट्याने. तर ती मलाच समजवायला लागली! "असं काही नाही हो, ताई. तुमच्या हातून नाही होणार. तुम्ही मनाला लावून घेतलंय." माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. कितीही सांगितलं तरी मानेचना. शेवटी पर्समधून ही वही काढली आणि आठ तारखेचं पान तिच्यापुढे धरलं. मग पंधरा, मग सोळा. तिने बोट ठेवून ठेवून वाचलं. आठ तारीख परत वाचली.

"ही सवयच आहे माझी," मी म्हटलं. "हात जातो आणि मला कळत नाही. कितीतरी वर्षांची. तू जे आठवत होतीस ते बरोबर होतं."

मला वाटलं आता चिडेल, घालवून देईल. तिने तसं करावं असंच मला वाटत होतं.

"म्हणजे मी जागा रिकामी ठेवली होती?"

"हो."

"आणि मी चिमटा आणायला गेले होते. खरंच गेले होते."

"गेली होतीस."

तिने स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. मग तोंड दाबून धरलं आणि हुंदका फुटायच्या आत आतल्या खोलीकडे पळाली. भिंतीपलीकडून मला तिचा आवाज ऐकू आला, "आई, मी नव्हते गं. आई, ऐकतेस का? मी नव्हते."

मी बाहेरच्या खोलीत एकटी बसून तो ऐकला, पूर्ण.

उद्या दहा वाजता दोघी मोठ्या बाईंकडे जातोय. फाईल उघडेपर्यंत मी तिथून हलणार नाही. ह्यांना सांगितलं की एकवीसला निघणं होणार नाही. त्यांनी मान डोलावली आणि गाडीवरच्या पिशव्या सोडायला खाली गेले.